विविधतेच्या जाहिरातीचं विडंबन : लोक हसतात ते नेमकं कुणाला?

प्रश्न थोडक्यात असा : तीन-चार जणांचा हौशी गट आहे. राजकीय पक्षांच्या ‘आम्ही सगळ्यांचे’ छापाच्या जाहिरातींवर तो उपरोधिक लेख आणि दीड-दोन मिनिटांचे व्हिडिओ करतो. शेवटच्या व्हिडिओत एक पुढारी पाच जणांना एकेक करून व्यासपीठावर बोलावतो आणि त्यांची ‘ओळख’ करून देतो : ही आमची महिला, हा आमचा व्हीलचेअरवाला, हा आमचा परभाषिक, वगैरे. फजिती पुढाऱ्याची व्हावी असा बेत होता. लोक हसले ते परभाषिकाच्या उच्चारांना. वर, ज्यांना असली माणसं व्यासपीठावर मुळातच नको आहेत त्यांनी तो व्हिडिओ हौसेने फिरवला. चुकलं कुठे?

नेम चुकला. अशा संदेशात तीन जण असतात : मोजणारा, मोजला जाणारा आणि ज्याला दाखवण्यासाठी ही मोजदाद चालली आहे तो मतदार. गिऱ्हाईक करायचं ते पहिल्याला. पण डोळ्यांत भरतो दुसरा, कारण पोशाख त्याचा, खुर्ची त्याची, उच्चार त्याचे. तुम्ही पाच पात्रं रंगवलीत आणि पुढाऱ्याला सूत्रसंचालकाचं काम दिलंत. हसण्याजोगं जे काही होतं ते सगळं त्या पाचांच्या वाट्याला गेलं.

या प्रकारातला सगळ्यात शुद्ध नमुना १९८३ सालचा आहे. जेम्स वॅट हे अमेरिकेत सरकारी जमिनी आणि खनिजं सांभाळणाऱ्या खात्याचे मंत्री. कोळशाच्या खाणपट्ट्यांविषयी नेमलेल्या पाच जणांच्या आयोगाबद्दल ते २१ सप्टेंबरला उद्योजकांसमोर म्हणाले : माझ्याकडे एक काळा आहे, एक बाई आहे, दोन ज्यू आहेत आणि एक पांगळा आहे, आणि आमच्याकडे गुणवत्ताही आहे. ९ ऑक्टोबरला त्यांचा राजीनामा आला.

या वाक्यात माणसांच्या जागी वस्तू घालून बघा. माझ्याकडे एक कपाट आहे, एक पंखा आहे, दोन खुर्च्या आहेत आणि एक मोडकं टेबल आहे. वाक्य कुठेच अडखळत नाही, कारण ती मुळात डेडस्टॉक रजिस्टरमधली नोंद होती. विडंबनासाठी कुठलाही संदेश हातात आला की ही अदलाबदल पहिल्यांदा करायची. वस्तू घातल्यावरही वाक्य सुरळीत चाललं तर विनोदाची जागा सापडली : ती ‘माझ्याकडे’ या शब्दात आहे, यादीतल्या नामांत नाही. वाक्य अडखळलं, म्हणजे त्या माणसांविषयी त्यात खरोखरच काही म्हटलेलं असलं, तर बहुधा विडंबनाजोगं तिथे फार काही नसतं. दुसरा संदेश शोधा.

वॅट यांच्या वाक्यातली दुसरी जागा शेवटच्या ‘ही’मध्ये आहे. गुणवत्ताही. मराठीत हे फार सोपं पडतं, कारण आपले सुद्धा, देखील, ही, इतकाच हे शब्द बोलणाऱ्याच्या मनातली उतरंड चव्हाट्यावर आणतात. जो बायडन ८ ऑगस्ट २०१९ रोजी आयोवातल्या एका सभेत म्हणाले की गरीब मुलं गोऱ्या मुलांइतकीच हुशार असतात. लगेच त्यांनी श्रीमंत मुलं, काळी मुलं, आशियाई मुलं अशी पुरवणी जोडली, पण ‘इतकीच’ने काम केलेलं होतं : मोजपट्टी कोणाची ते कळलं, आणि गरिबाच्या विरुद्ध अर्थाचा शब्द म्हणून तोंडात ‘गोरा’ आला तेही कळलं. भाषण ऐकताना कागदावर फक्त हे छोटे शब्द टिपत गेलात तरी निम्मा कच्चा माल हाताशी येतो.

पण इथेच एक वजन करायला हवं. जीभ घसरणं वेगळं आणि सहा बैठका घेऊन, रंग ठरवून, पैसे मोजून काढलेली मोहीम वेगळी. बायडन यांचं वाक्य पहिल्या प्रकारातलं. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये एडमंटनच्या सभेत एका बाईला मध्येच थांबवून ‘मॅनकाइंड’ऐवजी ‘पीपलकाइंड’ म्हणा असं सुचवलं. पुढे तो फसलेला विनोद होता असं त्यांनी सांगितलं. अशा गोष्टीला एक ओळ पुरते. तिच्यावर आठशे शब्दांचा लेख लिहिला की वाचकाला लेखकाचाच राग दिसायला लागतो. मोठा लेख राखून ठेवावा तो ठरवून केलेल्या कामासाठी. फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाने महिला मतदारांशी बोलायला गुलाबी मिनीबस काढली, पक्षाच्या उपनेत्या हॅरिएट हरमन यांच्या पुढाकाराने. ती बस कोणीतरी सुचवली, कोणीतरी मंजूर केली, कोणीतरी रंगवून घेतली, आणि या साखळीत एकालाही प्रश्न पडला नाही. हसायचं ते त्या साखळीला. वर तो रंग गुलाबी की मॅजेंटा यावरही खल झाला, म्हणजे विडंबनकाराचं काम परस्परच होऊन गेलं.

युरोपीय आयोगाचंही तसंच. जून २०१२ मध्ये मुलींनी विज्ञानाकडे वळावं म्हणून त्यांनी चित्रफीत काढली : उंच टाचांच्या तीन तरुणी, मेकअपचं सामान, प्रयोगशाळेतल्या वस्तूंचे चकचकीत तुकडे, सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून बघणारा एक पुरुष, आणि ‘सायन्स’ या शब्दात एका अक्षराच्या जागी लिपस्टिक. टीका इतकी झाली की चित्रफीत लगेच मागे घ्यावी लागली. अशा वेळी नवीन काही रचावं लागत नाही. त्याच चित्रफितीतल्या दृश्यांची क्रमवार यादी कोरड्या भाषेत लिहून काढली आणि प्रत्येक दृश्यापुढे ‘यातून मुलींना मिळणारी वैज्ञानिक माहिती’ असा रकाना आखून तो रिकामा ठेवला, की झालं.

रिकामा रकाना हे या धंद्यातलं मुख्य हत्यार आहे, म्हणून त्याच्यावर थोडं थांबतो. लिहायला बसण्याआधी जाहिरात किमान तीनदा बघा, तिसऱ्यांदा स्टॉपवॉच घेऊन. कागदावर पाच उभे रकाने आखा : चेहरा दिसतो किती सेकंद, स्वतः बोलतो किती सेकंद, नाव येतं का, पद सांगितलं जातं का, निर्णय घेताना दिसतो का. ज्यांची ‘विविधता’ मिरवली आहे त्यांच्यासाठी एक ओळ, नेत्यासाठी एक ओळ. फसव्या जाहिरातीत पहिला रकाना गच्च भरतो आणि पुढचे चार ओस पडतात. पार्श्वसंगीतावर हसणारे वीस चेहरे असतात, बोलतो एकटा नेता. आपल्याकडे याला खोगीरभरती हा फार नेमका शब्द आहे. तुमचा लेख त्या चार ओस रकान्यांवर उभा राहिला पाहिजे. पाचही रकाने बऱ्यापैकी भरले, तर प्रामाणिकपणे सांगायचं, तिथे विडंबनाला जागा नाही; गाण्याच्या चालीला नावं ठेवून वेळ काढू नका.

ट्रूडो यांचंच उलट उदाहरण घ्या. ४ नोव्हेंबर २०१५ च्या शपथविधीत १५ स्त्रिया आणि १५ पुरुष मंत्री झाले. असं का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं : कारण हे २०१५ साल आहे. वाक्य टाळीबाज होतं हे खरं, पण पदं खरोखर दिली होती, खाती खरी होती, त्यामुळे त्या दिवशीची टिंगल बहुतेक ठिकाणी फुसकी निघाली. फट पडली ती पुढे. त्याच पंधरा जणींतल्या जोडी विल्सन-रेबोल्ड यांचं कायदा खातं जानेवारी २०१९ मध्ये काढून घेतलं गेलं, आणि २ एप्रिलला त्यांना व त्या पंधरांतल्याच जेन फिलपॉट यांना पक्षाच्या संसदीय गटातून काढलं. दुसऱ्याच दिवशी संसदेत तरुणींचा एक कार्यक्रम होता, प्रत्येक मतदारसंघातून एक अशा ३३८ जणी, आणि पंतप्रधान बोलायला उभे राहिल्यावर त्यांच्यातल्या अनेक जणी पाठ फिरवून उभ्या राहिल्या. एकही शब्द न बोलता केलेली ही टीका कुठल्याही लेखापेक्षा धारदार होती. २०१५ चं वाक्य जपून ठेवायचं आणि वापरायचं २०१९ मध्ये. वही ठेवा, तारखेसकट.

वहीत काय टिपायचं? पूर्ण वाक्य, त्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एक, तारीख, जागा, आणि ज्या प्रश्नाला ते उत्तर होतं तो प्रश्न. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. १६ ऑक्टोबर २०१२ च्या वादसभेत अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांनी, आपण मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झालो तेव्हा पदांसाठी पात्र बायकांची नावं कशी जमवली हे सांगताना, ‘बायकांनी भरलेल्या फायलीं’चा उल्लेख केला आणि त्या रात्रीपासून त्यांची रेवडी उडाली. अ‍ॅमेझॉनवर साध्या कचेरीच्या फायलींखाली लोकांनी गंभीर चेहऱ्याने अभिप्राय लिहिले, की यात बायका मावत नाहीत. यातलं चांगलं काय ते बघा : लिहिणाऱ्यांनी वस्तूचा अभिप्राय हा तयार साचा उचलला आणि बायकांविषयी एक अक्षरही वाकडं न लिहिता ‘फाइल’ला धरलं. पण दोन चांगल्या गोष्टी बहुतेकांच्या हातून निसटल्या. एक, प्रश्न स्त्री-पुरुषांच्या पगारातल्या तफावतीचा होता, आणि उत्तरात फाइल आली. दोन, ती नावं जमवण्याचं काम मॅसॅच्युसेट्समधल्या महिला संघटनांच्या एका आघाडीने गव्हर्नरपदाच्या निवडणुकीच्या आधीच आपणहून सुरू केलं होतं. सभेत मात्र गोष्ट अशी सांगितली गेली की शोध रॉम्नी यांनी घ्यायला लावला. बायकांनी केलेल्या कामाचं श्रेय बायकांना संधी दिल्याचा पुरावा म्हणून वापरायचं! फायलीच्या शंभर विनोदांपेक्षा हा एक मुद्दा जास्त झोंबला असता. संदर्भ नीट वाचला तरच असलं काही सापडतं.

आता लिहिण्याकडे. साचा नेहमी त्या यंत्रणेच्या स्वतःच्या कागदांतून घ्या : परिपत्रक, निविदा, मागणीपत्र, कार्यक्रमपत्रिका, बैठकीचं इतिवृत्त, खुलासा. निबंधात तुम्हाला ‘हे ढोंग आहे’ असं म्हणावं लागतं. मागणीपत्रात ढोंग स्वतःच्या तोंडाने बोलतं. लांबी चारशे ते सहाशे शब्द. एका लेखात खोटं एकच, आणि ते पहिल्या दोन ओळींत. बाकी सगळं त्या एका खोट्यातून निघालेलं आणि बिनचेहऱ्याचं. दोन खोटी घातली की वाचक पहिल्याचा हिशेब सोडून देतो. मजा चढती असावी पण तीनच पायऱ्यांत. चौथी पायरी आली की ती फार्सकडे जाते, आणि तिथे पुन्हा नाक-डोळे-उच्चार यांच्यावर हसायचा मोह होतो.

एक नमुना, यात खोटं एवढंच की अशी मागणी कोणी लेखी करतं :

विषय : उद्याच्या छायाचित्रासाठी समाजघटक पुरवणेबाबत.
१) महिला, नग २. दोघी एकाच रंगात नसाव्यात.
२) तरुण, नग १. वय पन्नाशीच्या आत असल्यास ग्राह्य धरण्यात येईल.
३) व्हीलचेअर, नग १. वापरकर्ता सोबत आल्यास हरकत नाही. व्यासपीठाला उतार नसल्याने छायाचित्र वाहनतळात घेण्यात येईल.
४) अल्पसंख्याक, नग १. लांबून ओळखू यावा.
५) वरील सर्वांनी छायाचित्रानंतर मागील दाराने प्रस्थान करावे. त्याच दालनात उमेदवार निवड समितीची बैठक असून जागा मर्यादित आहे.

‘नग’ या एका शब्दाने वॅट यांचं रजिस्टर उघडलं. दुसऱ्या कलमात पक्षाच्या नेत्यांचं वय न सांगता कळतं. तिसरं कलम आधी असं लिहिलं जातं : व्हीलचेअरवाल्याला चार जणांनी उचलून व्यासपीठावर आणावे, पडल्यास पुन्हा उचलावे. हसू येईल, पण पडणाऱ्या माणसाला. म्हणून माणूस काढून उतार आणला : उतार न बांधणं हे पक्षाचं कर्तृत्व. चौथ्या कलमात ‘टोपीवाला असावा’ किंवा ‘दाढी असल्यास प्राधान्य’ असं लिहायचा मोह होतो, आणि बरेच जण लिहितात. टाळा. त्यात माणसाच्या दिसण्याचं वर्णन येतं आणि हसू तिकडे सरकतं. ‘लांबून ओळखू यावा’ यात बघणाऱ्याच्या नजरेचं वर्णन आहे. पाचव्या कलमात दार, दालन, समिती सगळं खरं असू शकतं, म्हणूनच ते बोचतं. पहिलं कलम या पाचांत सगळ्यात कच्चं आहे. जागा कमी पडली तर ते उडवा.

भाषेबद्दल एक. सरकारी मराठीचा कर्मणी प्रयोग इथे फुकटचा दागिना आहे. ‘समावेश करण्यात आला आहे’ म्हणजे कोणी केला? ‘मुख्य प्रवाहात आणण्यात येईल’ म्हणजे प्रवाह कोणाच्या मालकीचा? ‘तळागाळातील घटक’ म्हणणारा स्वतः किती वर उभा आहे? हे शब्द तुम्ही बदलू नका, वाकवू नका, अवतरणचिन्हांत तर घालूच नका. अवतरणचिन्हं म्हणजे लेखकाने वाचकाला मारलेली कोपरखळी. तिची गरज पडली की वाक्य कमजोर आहे असं समजायचं. जसंच्या तसं वापरा आणि पुढच्या वाक्यात कर्ता विचारा, तोही त्याच कोरड्या सुरात : ‘समावेश करण्यात आला आहे. समावेश कोणी केला याबाबत माहिती उपलब्ध नाही.’

खुलाशाचं विडंबन मूळ जाहिरातीपेक्षा नेहमी सोपं जातं, कारण त्याचं व्याकरण ठरलेलं आहे : कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास. तो ‘असल्यास’ पकडा. म्हणून ठरवून काढलेल्या मोहिमेवर पहिल्या दिवशी तुटून पडू नये, दोन दिवस थांबावं. घसरलेल्या जिभेवरची एक ओळ मात्र त्याच दिवशी. तिसऱ्या दिवशी तिला कोणी विचारत नाही.

खाणं आणि पोशाख हा प्रकार वेगळा हाताळावा लागतो. १९७६ साली सॅन अँटोनियोत अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी तमाले हा मक्याच्या सालीत गुंडाळून उकडलेला मेक्सिकन पदार्थ वरच्या सालीसकट खायला घेतला. ५ मे २०१६ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी टाको बोल या मेक्सिकन धर्तीच्या पदार्थासमोर बसून ‘मला हिस्पॅनिक लोक आवडतात’ असं ट्विट केलं. ८ जून २०२० ला अमेरिकी काँग्रेसमधले डेमोक्रॅट नेते, पोलिसाच्या गुडघ्याखाली मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या स्मरणार्थ, घानाच्या केंटे कापडाचे पट्टे गळ्यात घालून ८ मिनिटं ४६ सेकंद गुडघ्यावर बसले. जो बायडन यांच्या पत्नी जिल यांनी तर ११ जुलै २०२२ ला लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्याच परिषदेत, तेही सॅन अँटोनियोत, या समाजाची विविधता न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या किराणा दुकानांसारखी, मायामीच्या फुलांसारखी आणि इथल्या ब्रेकफास्ट टाकोंसारखी असल्याचं सांगितलं. दुकानासाठीचा स्पॅनिश शब्दही चुकला. दुसऱ्या दिवशी प्रवक्त्यांमार्फत दिलगिरी आली.

या सगळ्यांत एक सापळा आहे. तमाले, टाको, केंटे हे शब्द ऐकायलाच गमतीचे वाटतात अशा वाचकांसमोर तुम्ही ते पुन्हा पुन्हा उच्चारलेत की हसू पदार्थाकडे आणि तो खाणाऱ्यांकडे जातं. पदार्थाचं नाव लेखात एकदाच घ्या. पुढे ‘सदर पदार्थ’. मग उपमा उलटी फिरवा : त्या नेत्याच्या स्वतःच्या गटाचं वर्णन त्याच पद्धतीने करा. जिल बायडन यांच्या वाक्याचा सांगाडा तीन उपमांचा आहे, ठिकाण आणि वस्तू, ठिकाण आणि वस्तू, ठिकाण आणि खाऊ. त्याच सांगाड्यात ‘आमचे सल्लागार मुख्यालयातल्या झेरॉक्स मशीनइतके वेगवेगळे, चौथ्या मजल्यावरच्या पडद्यांइतके सुंदर आणि पाहुण्यांच्या बिस्किटांइतके दुर्मीळ आहेत’ असं बसवलं की वाक्याची घडण हास्यास्पद ठरते आणि लॅटिनो माणूस चित्रातून सुखरूप बाहेर पडतो. केंटेच्या बाबतीत मला तरी वाटतं की कापडाला हातच लावू नये. पट्टे कोणत्या कपाटात परत गेले आणि त्यांची पुढची तारीख कोणती, एवढी गोदामाची नोंद पुरे.

कधी कधी लिहायचंच नसतं. मार्च २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या कासिम प्रांतात मुलींच्या परिषदेचं उद्घाटन झालं आणि छायाचित्रात व्यासपीठावर १३ पुरुष दिसले, बाई एकही नाही. फिनलंडच्या संशोधक सारा सार्मा यांनी २०१५ मध्ये असल्या चित्रांसाठी एक झकास यंत्र बनवलं होतं : केवळ पुरुष असलेल्या चर्चासत्रांची खरी छायाचित्रं घ्यायची आणि कोपऱ्यात अमेरिकी नट डेव्हिड हॅसलहॉफचा अंगठा दाखवणारा फोटो शिक्क्यासारखा चिकटवून अभिनंदन करायचं. शिक्का तोच, चित्र दर वेळी नवं. एकट्या चित्रात तो विनोद पातळ आहे. चाळिसाव्या चित्रापर्यंत तो पुरावा होतो. तुमच्या गटाकडे माणसं कमी असतील तर हा मार्ग सगळ्यात किफायतशीर.

आता जे सगळ्यात जास्त बिघडतं त्याकडे. मार्च २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचे तेव्हाचे मालक डॅन स्नायडर यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी मदतसंस्था काढली आणि तिच्या नावातच संघाचं नाव ठेवलं. ते नाव त्या लोकांसाठी शिवी होती. टीव्हीवरचे उपरोधकार स्टीफन कोल्बेअर यांनी २६ तारखेच्या आपल्या कार्यक्रमात ही बातमी दाखवली आणि मग आपल्या ढोंगी पात्राच्या तोंडून तशीच एक संस्था जाहीर केली, जिच्या नावात आशियाई लोकांना हिणवणारे शब्द होते. पडद्यावर आधी बातमी, मग टोमणा, त्यामुळे कळायला अडचण नव्हती. दुसऱ्या दिवशी वाहिनीने चालवलेल्या कार्यक्रमाच्या खात्यावरून फक्त शेवटचं वाक्य ट्विट झालं. स्नायडर नाही, संघ नाही, बातमी नाही, उरली शिवी. ‘कॅन्सल कोल्बेअर’ असा हॅशटॅग उठला, ट्विट काढावं लागलं.

यात दोन वेगळे बिघाड आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. पहिला वाहतुकीचा : पार्श्वभूमी एका वाक्यात आणि टोमणा दुसऱ्यात असेल तर तुकडा फिरताना पार्श्वभूमी गळणार, गळणारच. म्हणून दोन्ही एकाच वाक्यात, एकाच चौकटीत बांधा. वरच्या मागणीपत्रातलं तिसरं कलम एकटं कापून पाठवलं तरी पक्षच उघडा पडतो. दुसरा बिघाड जास्त खोल आहे : मूळ रहिवाशांच्या अपमानावर बोलायला तिसऱ्याच, आशियाई लोकांचा अपमान भाड्याने आणला गेला. तो विनोद ऐकताना आशियाई प्रेक्षकाने काय करायचं? तुमच्या व्हिडिओतला परभाषिक तसाच भाड्याचा होता.

चित्राला तर चौकट आणखी गरजेची. जुलै २००८ मध्ये द न्यूयॉर्करने मुखपृष्ठावर बराक आणि मिशेल ओबामा यांना त्यांच्याविषयीच्या अफवांप्रमाणे रंगवलं. हेतू अफवा पसरवणाऱ्यांची टर उडवण्याचा, पण ते अफवेखोर चित्रात कुठेच नव्हते. ओबामांच्या प्रचारयंत्रणेने ते अभिरुचीहीन ठरवलं, आणि प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्या गोटानेही. ज्याच्यावर नेम आहे तो चौकटीत दिसला पाहिजे, हा नियम त्या चित्रावरून कायमचा लिहून ठेवावा. नेथन पो यांनी २००५ साली उत्पत्तिवादावरच्या, म्हणजे सृष्टी देवानेच घडवली या मतावरच्या, एका ऑनलाइन वादात जे निरीक्षण नोंदवलं तेही इथलंच : थट्टा आहे अशी स्पष्ट खूण नसेल तर टोकाच्या मताची नक्कल आणि खरं टोकाचं मत यांत फरक करता येत नाही. पक्षाचं नाव, चिन्ह आणि नेता काल्पनिक ठेवा, वर ‘उपरोध’ अशी पाटी लावा. पाटीने विनोद मरतो हा गैरसमज आहे. पाटीने मरणारा विनोद आधीच आजारी असतो. खऱ्या नेत्याच्या तोंडी तुमचं वाक्य घालू नका. त्याचं खरं वाक्य असताना गरजही पडत नाही.

प्रसिद्ध करण्याआधी तिघांना दाखवा : ज्या गटाचा उल्लेख आहे त्यातला एक, त्या पक्षाचा समर्थक एक, आणि मूळ जाहिरात न पाहिलेला एक. ‘आवडलं का’ विचारू नका, लोक हो म्हणतात. विचारा, ‘हसलात ते कुणाला?’ आणि एका शब्दात उत्तर घ्या. तिघांपैकी दोघांनी नेता, पक्ष, समिती यांखेरीज दुसरं काही सांगितलं तर मसुदा परत. समर्थक चिडला तर हरकत नाही, पण तो कशावर चिडला ते ऐका. ‘आमच्यात असं चालत नाही’ म्हणाला तर नेम बसला, ‘त्या बिचाऱ्यांची चेष्टा का’ म्हणाला तर तो बरोबर आहे. पहिल्या गटातला माणूस नुसता मान हलवून गप्प बसला तर खोदून विचारा, ती मान बऱ्याचदा नकाराची असते.

राहिला तुमचा व्हिडिओ. पुन्हा चित्रण करायचं असेल तर पाचही नटांना सुट्टी द्या. व्यासपीठावर पाच रिकाम्या खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर पाटी : महिला, तरुण, परभाषिक वगैरे. नट एकच, पुढारी. दीड मिनिटाला दीडशे ते पावणेदोनशे शब्द. त्याहून जास्त झाले तर तो घाईत बोलेल आणि घाईत बोलणारा पुढारी निरागस वाटतो. उच्चारांची नक्कल नाही, रंग फासणं नाही. तो खुर्च्यांची ओळख करून देतो, त्यांच्या वतीने आभार मानतो, त्यांच्या भावना सांगतो. पहिली चाळीस सेकंदं हेच. मग एक कार्यकर्ता येऊन कानात सांगतो की खरी माणसं दाराशी आली आहेत. पुढारी घड्याळ बघतो, खुर्च्या मोजतो आणि म्हणतो, ‘जागा भरल्यात.’ तिथेच कापा. तुमच्या आधीच्या व्हिडिओत त्यानंतर जे वीस सेकंदांचं गाणं होतं ते नको.